काचेतला वाटा

मासळीबाजारात वाटा लावायची एक रीत असते. एक मोठा मासा मागे, लांबून दिसेल असा. त्याच्या पुढ्यात दोन-तीन मध्यम. मग उरलेली जागा भरायला मूठभर बारके. गिऱ्हाइकाची नजर मोठ्यावर जाते, बारक्यांमुळे वाटा भरलेला दिसतो, आणि घरी गेल्यावर खरे कामाला येतात ते मध्यम. हे मला कुणी शिकवलं नाही. मालवणच्या बाजारात सासूच्या शेजारी बसून बघितलं आणि हात बसला. आता डोळे मिटूनही लावीन.

त्यामुळे घरातल्या काचेच्या टाकीसाठी कुडाळच्या दुकानातून मी पहिल्यांदा मासे आणले, तेव्हा वाटाच लावला. एक मोठा, तीन मध्यम, मूठभर बारके. हे मासे जिवंत आहेत आणि यांना एकाच पाण्यात राहायचं आहे, हे काय मला कळत नव्हतं? पण हात त्याच्या सवयीनं चालला.

टाकी हौसेची नव्हती. माझा नवरा तांडेल होता. होडीवर ज्याच्या शब्दावर जाळं पडतं आणि ज्याच्या शब्दावर ओढलं जातं, तो तांडेल. पन्नाशीही गाठली नव्हती. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना पडवीत बसून जाळं विणत होता. सुई हातातून पडली आणि त्याला ती उचलता येईना. मी म्हटलं, काय झालं? तो माझ्याकडे बघत राहिला. उजवी बाजू गेली होती आणि बरोबर बोलणंही गेलं होतं. उरलं काय, तर ‘हां’, ‘नाय’ आणि एक शिवी. शिवी मात्र पहिल्यासारखी स्पष्ट यायची.

कुडाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हातापायाचं व्यायामानं थोडंफार होईल. पण बोलणं वापरलं नाही, तर जे येऊ शकलं असतं तेही जाईल. पहिलं वर्ष महत्त्वाचं. काहीही करा, पण बोलतं ठेवा त्यांना."

काहीही करा म्हणजे काय करा, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

होडीवरचे खलाशी भेटायला यायचे. खाटेपाशी उभे राहून बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडायचे, "तांडेलानू, बरा आसा मां?" तो शिवी द्यायचा. ते हसायचे. "बरो आसा, बरो आसा, शिवी घालता म्हणजे बरो आसा," असं म्हणत चहा प्यायचे आणि जायचे. हंगाम सुरू झाला, होडीवर दुसरा तांडेल आला, आणि ते यायचे थांबले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. बोलत नाही त्या माणसाशी किती वेळ बोलणार? मी स्वतः रोज त्याला बाजारातल्या गोष्टी सांगायचे आणि तो वाशांकडे बघत पडलेला असायचा.

व्यायामासाठी आम्ही लाल गाडीनं कुडाळला जायचो. तिथे बाकासमोर माशांची टाकी होती. एकदा आमचा नंबर येईपर्यंत तो तिच्याकडे बघत बसला. मग डावा हात उचलून त्यानं बोट केलं आणि म्हणाला, "हो हय रवचो नाय."

हा इथे राहायचा नाही. मला वाटलं, समोरच्या पेशंटबद्दल बोलतोय. मग बोटाच्या दिशेनं बघितलं. टाकीच्या खालच्या कोपऱ्यात एक चपटा पांढरा मासा पंख अंगाशी ओढून उभा होता. बाकीचे अधूनमधून येऊन त्याला ढोसून जात होते. पुढच्या खेपेला तो मासा टाकीत नव्हता. मी कुणाला विचारलं नाही. मला त्या माशाशी काही कर्तव्य नव्हतं. आमच्या माणसाच्या तोंडून एकामागे एक शब्द आले होते आणि त्यांना अर्थ होता, एवढ्यावर माझं लक्ष होतं. त्याच महिन्यात मी टाकी घेतली.

दुकानदार तिशीतला, बोलका माणूस होता. मी बोटानं मासे दाखवत गेले तसा तो थांबला.

"काकी, हो मोठो ह्या बारक्यांबरोबर नको. खातलो त्येंका."

"आमच्या घरात कोण उपाशी रवना नाय. पोटभर घालीन."

"पोट भरलेलो पण खाता, काकी."

"खाव दे. वाटो कसो दिसता ता बग मां."

तो हसला आणि त्यानं पिशव्या बांधून दिल्या. टाकी मी खाटेच्या पायथ्याशी, त्याला पडल्या पडल्या दिसेल अशी ठेवली. पाणी आमच्या विहिरीचं. संध्याकाळी सगळे मासे वाट्यासारखे छान दिसत होते. सकाळी बाजाराला निघताना मी टाकीकडे बघितलं, तर मोठा होता, मध्यम होते आणि पुढची जागा रिकामी होती.

मागून आवाज आला. जड, लाळेतून येणारा, पण ओळीनं येणारा.

"वाटो लावलंस काय गो? बारके खंय गेले?"

आणि तो हसला, अर्ध्या तोंडानं. मी पाटी खाली ठेवली. लग्न झाल्यापासून हा माणूस माझी अशीच टिंगल करत आला होता. त्या दिवशी बाजाराला उशीर झाला.

पुढच्या खेपेला मी मोठा मासा परत नेला आणि दुकानदाराला म्हटलं, "आता तू सांग." मला वाटत होतं की मासे बघून तो बोलला, तर नीट टिकणारे मासे असले म्हणजे रोज बोलेल. दुकानदारानं मन लावून शिकवलं. सारख्या आकाराचे घ्यायचे. संथ माशात चपळ घालायचा नाही, चपळ सगळं खाऊन टाकतो आणि संथ उपाशी राहतो. लांब पंखांच्या माशाजवळ पंख तोडणारा नको. काही मासे वर राहतात, काही मध्ये, काही तळाशी, तर तिन्ही ठिकाणचे थोडे थोडे घ्यावेत, म्हणजे जागेवरून भांडण नाही. काहींना आपल्यातले सोबती लागतात, एकटे ठेवले तर ते दुसऱ्यांना त्रास देतात. धंद्याची गोष्ट आहे, मला पटकन कळली. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे गप्पी घेतले, मॉली घेतल्या, तळ साफ करणारे छोटे मिशीवाले घेतले.

टाकी सुरेख झाली. शेजारच्या बायका बघायला यायच्या. "किती बरा वाटता गो बघूक," म्हणायच्या. कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. सगळे खायचे, फिरायचे, मॉलींना पिल्लं झाली.

नवऱ्यानं दोन-चार दिवस बघितलं. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपू लागला. मी उठवून बसवायचे, टाकीकडे तोंड करून द्यायचे, विचारायचे, "कसे आसत मासे?" तो म्हणायचा, "हां." महिना गेला. कुडाळला डॉक्टरांनी त्याला गावाचं नाव विचारलं, तर त्यानं मान हलवली आणि शिवी दिली.

परत येताना गाडीत मी विचार केला, त्यात भावनेचं काही नव्हतं, साधा हिशेब होता. दवाखान्यात तो बोलला तेव्हा एक मासा मरायला टेकला होता. घरी बोलला तेव्हा बारके खाल्ले गेले होते. मध्ये जिथे सगळं ठीक होतं तिथे तो गप्प होता. जिथे काही बिघडत नाही तिथे तांडेलाचं काम नसतं. होडीवरही तो तासन्‌तास गप्प असायचा असं खलाशी सांगत. वारा फिरला, जाळं अडकलं, कुणी चुकीचा दोर सोडला, की मग तोंड सुटायचं.

मी दुकानदाराला विचारलं, "एकमेकांबरोबर रवनत नाय असे खंयचे?"

"म्हणजे काढून टाकूक व्हये?"

"नाय, घेवक व्हये."

"काकी, लोक माका इचारतत, कोण कोणाबरोबर रवतलो. तुमी उलटा इचारतास."

मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं मान खाली घालून थोडा वेळ जाळी धुतली. मग म्हणाला, "एंजल न्या आणि टायगर बार्ब न्या. बार्ब थोडेच न्या, म्हणजे जास्त वायट वागतत." आणि त्यानं पहिल्यांदाच मला पिशवी हातात न देता दारापर्यंत आणून दिली.

एंजल म्हणजे तो दवाखान्यातला चपटा, लांब पंखांचा, संथ. टायगर बार्ब पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाएवढे आणि एक क्षण स्वस्थ न बसणारे. दुपारी सोडले. संध्याकाळी एंजलच्या पंखाची टोकं गेली होती.

"त्या पट्टेवाल्यांका काड थंयसून," तो म्हणाला. "पंख खातत त्येचे."

मी चुलीपाशी होते. "थांबा, भात शिजता."

"भात मरांदे. आधी काड."

"काडतंय."

"कित्या हाडलंस ते? तुका डोळे नाय?"

"माका काय म्हायत? मी मेलेले मासे इकतंय. जित्यांचा तुमका म्हायत."

तो खाटेवर डाव्या कोपरावर उठून बसला. चेहरा लाल झाला होता. "इतकी वर्सां माझ्या घरात रवलंस, आणि कोण कोणाक मारता ता कळना नाय तुका?"

एवढं लांब वाक्य तो पडल्यापासून बोलला नव्हता. मी भाताखालचं लाकूड ओढून घेतलं आणि बार्ब काढायला गेले. अगदी सावकाश. जाळीतून मुद्दाम दोनदा निसटू दिले. तेवढ्यात त्यानं मला बावळट म्हणून घेतलं, जाळी कशी धरायची ते सांगितलं आणि माझ्या माहेरच्यांचा उद्धार केला.

त्यानंतर मी हे काम नीट शिकले. दुकानदारानं शिकवलेले सगळे नियम मला पाठ होते, ते फक्त उलटे वापरायचे. मोठ्या तोंडाचा मासा उपयोगाचा नाही. तो रात्रीत गिळतो, सकाळी एक वाक्य मिळतं आणि संपतं. हवेत ते हळूहळू छळणारे. जागेवरून भांडणारे. संथ गोल्डफिशबरोबर चपळ खादाड ठेवला, तर आठवडाभर रोज तो सांगायचा, "त्येका काय गावना नाय. हातान घाल त्येका." दोन नर गौरामी ठेवले, तर दोघांत कुठली हद्द कुणाची ते त्यानं मला बोटानं काचेवर आखून दाखवलं. चुकीची जोडी जितकी सावकाश मरेल तितके शब्द जास्त. काही मासे मी वेळेवर बादलीत काढले, बरेचसे गेले. ते मांजर खायचं. मासे मरतात याचं मला वाईट वाटावं, असा माझा धंदा नाही.

नवऱ्याची मोठी बहीण आरोंद्याला दिलेली. ती भेटायला आली तेव्हा तिनं पडवीतली बादली बघितली. बादलीत फाटक्या शेपटीचे दोन मासे होते.

"ह्या काय गो?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"भावाक औषद म्हणान मासे मारतंस? डाक्टरीण झालंस काय तू?"

"बाजारात रोज मेलेलेच मांडतंय, वन्सं. हयच्यांचो निदान एक शबुद तरी येता."

ती कपाळाला हात लावून बसली. पण तिनं त्याला टाकीकडे बघून "ह्येका भूक नाय, बेमार आसा हो" म्हणताना ऐकलं, आणि पुढच्या खेपेला येताना अॅल्युमिनियमच्या किटलीत एक जिवंत काळुंदर घेऊन आली. काळुंदर खाडीतला. हिरवट काळा, अंगावर ठिपके, हाताच्या पंजाएवढा. आम्ही तो तिरफळं घालून खातो. तो गोड्या पाण्यातही राहतो, म्हणून तिनं आणला. "हो आमच्या खाडयेतलो," ती भावाला म्हणाली. "ह्येका कोण काय करूक शकना नाय."

त्यानं काळुंदर पाण्यात शिरताना बघितला. "आरोंद्याचो?"

"मगे? घराफुडल्या बांधावरचो."

आणि तो बोलायला लागला. बहिणीचं नवीन लग्न झालेलं असताना गणपतीसाठी तिला माहेरी आणायला तो जायचा. शाळेत होता तेव्हा. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या घरापुढच्या बांधावर गळ घेऊन बसायचा. काळुंदर गळाला लागत नाही, तो आमिष चाखून सोडतो. मग त्यानं भाताची शितं आणि शेवाळ एकत्र मळून लावलं. एक शब्द अडायचा, तो हात हवेत फिरवायचा, बहीण तो शब्द द्यायची, तो ‘हां’ म्हणून पुढे जायचा. शेवटी त्यानं काळुंदर पकडला, आणि बहिणीच्या सासूनं तो शिजवून स्वतःच खाल्ला, हे सांगून तो हसला. पूर्ण गोष्ट. सुरुवात होती, शेवट होता. वन्संनं पदर डोळ्याला लावला. मी तिला भात वाढला. मला त्या दिवशी वाटलं होतं की हा माणूस परत येणार. ते एकदाच वाटलं.

काळुंदरानं टाकी आपली करून घेतली. आधीचे मासे त्यानं एकेका कोपऱ्यात कोंबले आणि मग तिथूनही हाकलले. मी नवीन आणत राहिले. सुरुवातीला चांगलं चाललं. मग थंडी पडली आणि त्याचं बोलणं आखडत गेलं. ज्याच्याबद्दल पूर्वी तो तीन वाक्यं बोलायचा, त्याच्याबद्दल एक बोलायचा. मग नुसतं "जातलो." नवीन मासा सोडला की बघायचा आणि म्हणायचा, "जातलो." तो चुकत नव्हता. मासा दोन दिवसांत जायचा. पण मला खरं-खोटं नको होतं, शब्द हवे होते. मी जोड्या बदलल्या. चपळ आणले, चिवट आणले, काळुंदराएवढ्याच ताकदीचे आणले. त्यानं बोलायचं सोडून बोट दाखवायला सुरुवात केली.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी त्याला काही शब्द म्हणायला लावले, त्याच्याकडून झाले नाहीत. बाहेर येऊन ते म्हणाले, "जेवढं यायचं तेवढं आलं असेल. आता यापुढे फार अपेक्षा ठेवू नका. तुम्ही केलंत ते पुष्कळ केलंत."

मी त्याच दिवशी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काकी, काळुंदर असताना आता कोण टिकाचो नाय."

"म्हायत आसा. दी."

मी पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली होती, आतला मासा पाण्याला सरावावा म्हणून. काळुंदर खालून पिशवीला धडका देत होता. तेव्हा नवरा बोलला. बऱ्याच आठवड्यांनी, आणि एकही शब्द न अडता.

"आता कोणाक हाडू नको गो. एकटो रवांदे त्येका."

आता कुणाला आणू नको, त्याला एकटं राहू दे, हे तो स्वतःबद्दल बोलला, असं वन्सं आणि शेजारणी म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी त्याच्याबरोबर संसार केला आहे. तो कोड्यात बोलणारा माणूस नव्हता. दोर सोड म्हणाला, की दोर सोडायचा. तो माशाबद्दलच बोलत होता. माझ्या दृष्टीनं गोष्ट एवढीच होती की तो पूर्ण वाक्य बोलला आणि त्या वाक्यानं माझ्या हातातलं एकच साधन काढून घेतलं.

मी ती पिशवी उचलून परत दिली. थोडे दिवस थांबले. तो काही बोलला नाही. ‘हां’ नाही, ‘नाय’ नाही, शिवीसुद्धा नाही. शिवी गेल्याचं दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हा मात्र मी विळीपाशी बसल्या जागी बसून राहिले.

मग मी एक शेवटचा उपाय केला. त्यानं नको म्हटलं होतं, म्हणून आणायचं. तांडेलाचा शब्द मोडला, की होडीवर कुणाची धडगत नसायची. मी कुडाळला जाऊन जुना वाटा आणला, पहिल्या दिवशीचा, जसाच्या तसा. मोठा, मध्यम, मूठभर बारके. त्याच्या समोर उभी राहिले, म्हटलं, "बगा, तुमी नको म्हणालास तरी हाडलंय," आणि पिशवी सरळ टाकीत ओतली.

त्यानं बघितलं. मोठ्यावर काळुंदर तुटून पडला, बारके काचेला चिकटले. त्याचे डोळे माशांबरोबर फिरत होते, म्हणजे दिसत होतं त्याला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. कंटाळा पण नव्हता. रस्त्यावरच्या ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मी वाट बघितली. भात शिजेपर्यंत बघितली, मग बाजाराची वेळ होईपर्यंत बघितली. भारनियमनात वीज गेली, टाकीचा पंप थांबला, तसे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागले. पूर्वी अशा वेळी तो खाटेच्या लाकडावर हात आपटून मला बोलवायचा. हात अंगावरच राहिला. मी जाऊन गडव्यानं वरून पाणी ओतलं, पाटी उचलली आणि गेले.

तो वाटा आठवड्यात संपला. काळुंदर राहिला.

त्यानंतर तो बरीच वर्षं होता. दोघेही होते. सकाळी मी आधी नवऱ्याला पेज भरवायचे, मग त्याच भांड्यातली चार शितं टाकीत टाकायचे. काळुंदर वर येऊन खायचा. नवरा बघायचा की नाही, ते मी बघणं सोडलं. डॉक्टरांनी सांगितलेलं पहिलं वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं.

कुडाळला कामासाठी गेले, की त्या दुकानात माशाचा खाऊ आणायला जायचे, नुसत्या शितांवर मासा सुकतो म्हणून. दुकानदारानं कधी काही विचारलं नाही. फक्त पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं सवयीनं जाळी हातात घेतली होती आणि म्हणाला होता, "कोणाक देव, काकी?"

"कोण नको," मी म्हटलं. "खाऊ दी. एकट्याक पुरात इतकोच."